मागे घेतलेली चाल

मला बघायला मोहोळहून आलेला मुलगा पुण्यात नोकरीला होता आणि त्याला म्हणे बुद्धिबळाचा लई नाद. आमच्या कपाटावरचा पट दिसला आणि पोह्यांची बशी हातात असतानाच साहेबांचं व्याख्यान सुरू झालं. "मी काळी घेतो. सिसिलियन, त्यातही ड्रॅगन. फार धारदार बचाव असतो, झेपेल ना? पांढरी तुम्ही घ्या, लेडीज फर्स्ट."

वा रे वा, केवढे उपकार!

चहाच्या निमित्ताने आईने मला आत ओढलं. "गपगुमान हर बाई. असं स्थळ परत यायचं नाही."

हरायचं? याच्याकडून? हा तर व्हिडिओ बघून पाठ केलेल्या चाली धडाधड खेळत होता. समोरची काय खेळतेय, ते बघायचीही गरज नाही! मी कडेचं प्यादं रेटलं, हत्तीची वाट मोकळी केली आणि वजीर त्याच्या राजाच्या दारात नेऊन बसवला. राजाला राखायला एकच घोडा उरला होता. या शहाण्याने नेमका तोच उचलला आणि माझं एक प्यादं खाल्लं. वर हसला.

मी वजिराला हात घातला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा थांबा, ही चाल मागे घेतो. घरचाच खेळ आहे."

"घ्या की, घ्या," बाबा म्हणाले.

मी बघतच राहिले. मला खेळ बाबांनीच शिकवला. लहानपणी चुकीच्या सोंगटीला नुसतं बोट लागलं तरी 'हात लावला की चाल झाली' म्हणून मला रडवणारे हेच ना? त्या मुलाचा मला रागसुद्धा आला नाही, तेवढी त्याची लायकी नव्हती. बाबांचा मात्र संताप आला.

घोडा जागेवर परत गेला, त्याऐवजी त्याने एक प्यादं सरकवलं. मी माझा घोडा देऊन तो मारला आणि वजिराने मात केली.

"तुक्का लागला हो तिचा," बाबा पाहुण्यांना म्हणाले.

पुढच्या आठवड्यात फोन आला. मुलगी पसंत, फक्त लग्नानंतर हे खेळबिळ नको. बाबांनी मला न विचारता होकार दिला आणि पेढे आणायला चपला घातल्या.

"मला तो नकोय," मी म्हणाले.

"असं कसं? शब्द दिलाय मी."

"मग मागे घ्या की. घरचाच खेळ आहे."