खिडकी लावून वाजवलेला तुकडा

गारखेड्यात आमच्या वर राहणारे काका एका जुन्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवतात. आमचं कधी धड बोलणं झालेलं नाही. गाण्याचं तोंडी बसणारं धृपद ते खिडकी उघडी ठेवून वाजवतात. मधला लांब, भरकटणारा तुकडा आला की खिडकी लावून घेतात. तरी तो छतातून झिरपतो आणि दुपारच्या अर्धवट झोपेत मला तरंगत ठेवतो.

परवा जिन्यात त्यांचा ड्रमर म्हणाला, "उस्ताद, मधलं लई लांबतंय. लोकं चहाला उठतेत. उद्याच्या शोला कापू."

"बघू," काका पुटपुटले.

मी जिन्यालगतच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना नकळत तोच तुकडा गुणगुणत होते. काका थबकले. मी लाजून ओल्या चादरीआड झाले.

"नाय कापायचं," ते ड्रमरला म्हणाले. "लांबू दे."

त्या संध्याकाळी तो तुकडा सुरू झाला, आणि खिडकी उघडीच राहिली.