दाजींचा रेडिएटर

दाजी गाडीचं बोनेट शिवी देऊन उघडायचे आणि थोपटून बंद करायचे. मधल्या वेळात जे काही चालायचं, ते ऐकून गारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीतल्या बायका पोरांना घरात ओढायच्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. वाळूजच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग ओसरतो म्हणतात. माझा ओसरलेला नाही.

त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन बसलं तेव्हा मी म्हणालो, ही गाडी काढून टाका आता. "सांगाडा धडधाकट हाय की," दाजी म्हणाले, "काळीज तेवढं बदलू." भंगारातून एक डिझेल इंजिन आणलं आणि अंगणातल्या कडुलिंबाला चेन-पुली टांगून स्वतःच बसवलं. ते पहिल्यांदा धडधडलं तेव्हा अक्काने गल्लीत पेढे वाटले. तिने जरा घाईच केली. इंजिन नवं आणि दांडगं, रेडिएटर मात्र जुन्या लहान इंजिनाचा. गाडी शहराबाहेर पडण्याआधीच उकळायची.

मग दाजींनी एका जीपचा रेडिएटर आणला. तो बसेना म्हणून गाडीची पुढची पट्टी कापली. इंजिनाच्या पाइपाचं तोंड मोठं आणि रेडिएटरचं लहान, तर दोन रबरी पाइपांच्या मध्ये लोखंडी नळीचा तुकडा घालून क्लिपा आवळल्या. पंखाही दुसऱ्याच गाडीचा. हे सगळं त्यांना येत होतं, म्हणून तर मला जास्त चीड येते. दर रविवारी ते हर्सूलपर्यंत चाचणी घ्यायचे. महिनाभर तापमानाचा काटा जागचा हलायचा नाही. मग हळूहळू वर सरकायला लागायचा आणि एखाद्या रविवारी तिथल्या तुरुंगाच्या भिंतीपाशी वाफ निघायची.

कारण मला माहीत होतं, अक्काला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं. आमच्या शहरात नळाला आठवड्याने पाणी येतं, तेही आलं तर. त्यामुळे दाजी रेडिएटरमध्ये बोरचं पाणी ओतायचे. त्या पाण्याने तपेल्याला पांढरा थर चढतो, तिथे रेडिएटरच्या बारीक नळ्यांची काय कथा! एक तुंबला की दुसरा आणायचे आणि त्यातही तेच पाणी. मी ओरडायचो, नळाचं पाणी घाला म्हणून. "पाव्हणं, प्यायचं पाणी लोखंडाला पाजायचं व्हय?" ते म्हणायचे. "माझ्या घरात नाय चालायचं." दुकानातलं कूलंट आणा म्हटलं, तर ते हिरवं पाणी म्हणजे लोकांना येडं बनवायचा धंदा.

हा हट्ट गाडीपुरता असता तर मी हसलो असतो. पण सोयगावला आमच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एसटीत तिला उलट्या होतात. दाजींनी चार माणसांसमोर शब्द दिला होता, "आत्याबाई, तुम्हाला माझ्या गाडीतून नेऊन ऑपरेशन करणार." हिवाळा गेला. मी भाड्याची गाडी घेऊन सोयगावला गेलो, तर आईने ती परत पाठवली. म्हणाली, "जावई इंजिन बसवायलाय माझ्यासाठी. त्याचं तोंड कसं पाडू?" परत आल्यावर मी दाजींना नाही नाही ते बोललो. ते पाना हातात घेऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी."

शेवटी दाजी आणि मी निघालो ते भर उन्हाळ्यात. जाताना उतार होता, निभावलं. येताना फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट लागला आणि अर्ध्या चढणीवर गाडीने मान टाकली. बोरच्या पाण्याचे कॅन संपले. उरली होती अक्काने आईसाठी गाळून दिलेली नळाच्या पाण्याची कळशी. दाजी तिला हात लावेनात. भर उन्हात, झाडाचा पत्ता नाही, आणि हा माणूस तत्त्व सांभाळतोय! मी त्यांची गचांडी धरायचीच बाकी होती. तेवढ्यात आईने चाचपडत कळशी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. "ओता जावईबापू. मला तहान नाय."

दाजींनी ओतलं. ओतताना ते रडत होते.

डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. मोतीबिंदू जास्त पिकून डोळ्यात दाब वाढला होता. उजव्या डोळ्याला दिसायला लागलं. डावा गेला तो गेलाच. दाजी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले. मी त्यांना ओलांडून औषधं आणायला खाली गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिएटर उतरवून साफ करून घेतला. त्यानंतर नळाला पाणी आलं की पहिला कॅन गाडीचा भरायचे, मग घरातले हंडे. आई अक्काकडेच राहिली. दाजी रोज तिच्या डाव्या बाजूला बसून तिला पेपर वाचून दाखवायचे. मला वाटायचं, आता वाचून काय उपयोग? आणि एक दिवस छातीत कळ आल्याचं निमित्त होऊन ते गेले, माझं भांडण अर्ध्यावर टाकून.

परवा आईला सोयगावला नेऊन आणायचं होतं. भाड्याची गाडी ती अजूनही चालवून घेत नाही, म्हणून दाजींचीच गाडी काढली. अक्काने नळाच्या पाण्याचा कॅन भरून दिला, मी तिच्यादेखत रेडिएटरमध्ये ओतला. परतताना तोच घाट होता आणि तसंच ऊन. काटा मध्यावर होता. वळणामागून वळणं गेली, काटा हलला नाही. म्हणजे एवढंच हवं होतं! साफ रेडिएटर आणि आठवड्याच्या पाण्यातलं कॅनभर पाणी. एवढ्यावर माझ्या आईचा डोळा वाचला असता. गाडी बाजूला घेतली, काही कारण नसताना उतरलो, बोनेट उघडलं आणि दाजींची ठेवणीतली शिवी दाजींनाच दिली. मग बोनेट आपटून बंद केलं.

आतून आईचा आवाज आला, "हळू की रं. जावयाच्या हातचं हाय ते."