सेतुमामांचे हात

सेतुमामा हात धुवायला उभे राहिले की खुर्चीतला पेशंट उघडलेलं तोंड मिटून घेई. त्याला अनुभवाने ठाऊक असे की आता बराच अवकाश आहे. कोपरापर्यंत साबण, मग नखं, मग पुन्हा साबण. दुपारी घरी गेल्यावर मागच्या दारच्या विहिरीवर स्नान, त्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. सोवळ्याला कुंभकोणाकडे मडी म्हणतात. मामांनी ती दातांच्या दवाखान्यातही आणली होती. हातमोजे मात्र त्यांना मुळीच मंजूर नव्हते. "बोटांस डोळे असतात, पोरी. त्यांस आंधळें कां करूं?" असं म्हणत ते उघड्या बोटाने हिरडी चाचपत आणि दाढेचं मूळ कुठे वाकलंय ते सांगत. आणि ते तिथेच वाकलेलं असे!

मी पुण्याची. लग्न होऊन कुंभकोणात आले तेव्हा हाताशी दंतवैद्यकीची कोरी पदवी होती आणि तमिळच्या नावाने शंख. सासरच्या ओळखीने डॉक्टर सेतुमाधवरावांकडे कामाला लागले. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेलेलं. बोलणं जुन्या बखरीतलं. माझी मराठी ऐकून ते हसत, त्यांची ऐकून मी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. हेपॅटायटिस बी ही रक्तातून पसरणारी कावीळ. दंतवैद्याच्या बोटाला बारीकशी चीर असली तरी तिला पुरे. लस निघाली होती, पण मद्रासहून मागवावी लागे. मी मामांच्या मागे लागले. त्यांचं उत्तर ठरलेलं, "दिवसभर पाण्यांत हात माझे. धुतल्यावर काय उरतें?" मडी पाळणाऱ्या माणसालाच शोभावी अशी ही चूक होती. अखेर माझ्या कटकटीला कंटाळून ते तयार झाले, तेही आसपासच्या सगळ्या दंतवैद्यांना एकदमच लस द्यायची या अटीवर. आधी आम्हा दोघांचं रक्त तपासून घेतलं.

माझं निर्दोष निघालं. मामांच्या रक्तात तो विषाणू होता. बहुधा कित्येक वर्षांपासून. लसीचा त्यांना आता उपयोग नव्हता, आणि त्या उघड्या बोटांतून ती कावीळ कुणाकुणा पेशंटला गेली असेल कोण जाणे.

मला रडू आवरेना. मामा आपल्या हातांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "इतर गांवचें पाप काशींत फिटतें, काशीचें कुंभकोणांत. अन् कुंभकोणचें?"

तिथलं शेंबडं पोरही याचं उत्तर देईल. कुंभकोणातच.

"मग इथेंच फेडूं," मामा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या तोंडात बोट घातलं नाही. वय झालं, नजर गेली, असं सांगता आलं असतं. मामा दारी आलेल्या प्रत्येक जुन्या पेशंटला खरं कारण सांगत आणि रक्त तपासून घ्यायला लावत. देवळांचं गाव ते, बातमी पसरायला कितीसा वेळ! लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहू लागलं. मामा शांतपणे जेवून उठत. मला ते कधीच जमलं नसतं.

लसीसाठी दंतवैद्यांची सभा भरली, तोवर ही बातमी शेजारच्या पापनाशमला पोचली नव्हती. तिथले डॉक्टर सेल्वम तमिळमध्ये गमतीने म्हणाले, "सेतु सरांसारखे हात धुवा, सुई कशाला हवी?" बाहेरगावचे सगळे हसले. मामा उठले आणि तमिळमध्येच बोलले.

"हे हात बघा. तुमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त धुतलेत. आणि माझ्या रक्तात ती कावीळ आहे. मला सुईला उशीर झाला. तुम्हाला झालेला नाही."

मग सेल्वमनी बाही वर केली.

तीन डोस पुरे करायला लोक कंटाळतात. मामा बसने स्वामीमलैला जात, पापनाशमला जात आणि एकेकाला गाठून बजावत. माझ्याही मागे लागत, "पहिली सुई म्हणजे अर्धें स्नान. अर्धें न्हाऊन कोणी देवघरांत जातें कां?" माणूस असाही असू शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

काही वर्षांनी यकृताने दगा दिला आणि मामा गेले. देहाला स्नान घालायची वेळ आली तेव्हा अंगणातले भाऊबंद एकमेकांकडे बघू लागले. मी परोपरीने समजावलं, हातमोजे पुढे केले; कुणी जागचं हललं नाही. तेवढ्यात सेल्वम पुढे आले. त्यांच्यामागे गावातले दोन-तीन दंतवैद्य होते.

"आम्ही घालतो. आम्ही लस घेतली आहे," सेल्वम म्हणाले.

भटजी कुजबुजले, ही माणसं ना घरची ना जातीची, मडीचं काय? न्हाल्याशिवाय नवऱ्यालाही कधी चुलीपाशी येऊ न देणाऱ्या मामी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांसच घालूं द्या. ह्यांनीं शुद्ध केलेले हात आहेत ते."

विहिरीचं पाणी शेंदलं गेलं. सेल्वमनी आधी मामांचे हात घेतले. कोपरापर्यंत साबण, मग नखं, मग पुन्हा साबण.