पाण्याला भिणारा मधुदादा

तार लाखनीतल्या माझ्या दुकानात हातात पडली, तेव्हा आधी दुःख झालं नाही, भीती वाटली... काकूला काय सांगू? मधुदादा, माझा चुलतभाऊ, संशोधनाच्या बोटीवरून लाटेबरोबर वाहून गेला होता. देह मिळाला नाही.

दिघोरीच्या धानाच्या बांध्यांतून निघालेला हा माणूस समुद्रजीवांचा अभ्यासक झाला, याचं गावाला नवल होतं. कोकणच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला की नाकाला फडकं बांधून हा त्याचं पोट उघडायचा. त्यात माकूल या मऊ, दहा हातांच्या जिवाच्या चोची सापडत. बाकी सगळं पचतं, चोच पचत नाही. त्या मापून देवमाशाने केवढाले माकूल खाल्ले, हे दादा सांगायचा. सगळं काम किनाऱ्यावर. बोटीवर दरवेळी दुसऱ्यालाच पाठवायचा. का, ते मला एकट्यालाच ठाऊक आहे असं मला वाटे. एका उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या बोडीत, त्या लहानशा तळ्यातल्या कमरेएवढ्या पाण्यात, त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. "मले पान्याचा भेव वाटते, बापू. कोनाले सांगू नको."

मी सांगितलं. एका लग्नाच्या पंगतीत जो तो त्याचंच कौतुक करत होता, आणि मला ते सोसवलं नाही. "अरे, हा बोटीवर चढतच नाही! बोडीतबी थरथरते." पंगत हसली. "काहून जी साहेब," नवरीच्या मामांनी विचारलं, "देवमासे का विहिरीतून काढता?" दादाही हसला. पानातला भात मात्र तसाच राहिला.

पुढच्या हंगामात त्याने आपणहून बोटीसाठी नाव दिलं. भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर मी म्हणालो, "नको जाऊ, दादा."

"तुह्या बोलन्यानं नाही जाऊन राहिलो रे. एकदा जिता देवमासा पाहाचा आहे."

खिडकीच्या गजावरचा त्याचा हात घामाने ओला होता... तो खरं बोलला, की मला माफ करून गेला, हे आता कळणार नाही.

शोकसभेत सगळे त्याला निडर म्हणाले. घरी आल्यावर काकू म्हणाली, "निडर नव्हता माहा मधू. लहानपनापासून पान्याले भेत होता, मले मालूम आहे. त्याले कोनीतरी चिडवलं असन... कोन असन, बापू?" मी पाण्याचा गडवा उचलून बाहेर गेलो.

काकूला वाचता येत नाही. सुट्टीत आला की रविवारची पुरवणी दादा उंबऱ्यावर बसून तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. आता त्याच जागी बसून मी वाचतो. एक ओळ गाळली तरी तिला कळतं. हा लेख त्याच पुरवणीत छापून येईल त्या रविवारीही ती खाटेवर वाट पाहत बसलेली असेल.