कडक आई

ऑगस्टच्या मध्यात मुलीची अकरावी सुरू झाली. इथे शिकागोजवळ, नेपरव्हिलला, शाळा सकाळी लवकर भरते. ती उठायची, दात घासता घासता फोन बघायची, पोहे नको म्हणायची आणि एक केळं घेऊन बसकडे चालू लागायची. दुपारी घरी आली की बूट दारात, बॅग जिन्यात आणि ती वर.

"कसं गेलं?"

"फाइन."

"डबा खाल्लास?"

"हं."

अकरावी म्हणजे कॉलेजसाठी सगळ्यात महत्त्वाचं वर्ष, असं आमच्या ओळखीत सगळेच म्हणतात. तिच्या चेहऱ्यावर त्याचं काही दिसत नसे. माझ्याही दिसत नसावं. मी ऑफिसमधून यायचे, कुकर लावायचे, धाकट्याचा गृहपाठ बघायचे. तेव्हाचं काही आठवायला गेलं की फक्त कुकरच्या शिट्ट्या आठवतात.

सप्टेंबरात तिच्या दोन मैत्रिणींना स्टेशनजवळच्या आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी लागली. हिनेही आम्हाला न विचारता जाऊन मुलाखत दिली. मी कणीक मळत होते आणि ती न बोलावता खाली आली.

"आई, आय गॉट इट! सोमवारपासून. माझा सोशल काय आहे?"

सोशल म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर. त्याशिवाय इथे कोणी पगारावर ठेवत नाही, आणि तिच्याकडे तो नाही. ती दोन वर्षांची असताना आम्ही पुण्याहून आलो. नवरा कामाच्या व्हिसावर, आम्ही दोघी त्याच्यावर अवलंबून म्हणून. ग्रीन कार्डाची रांग अजून हललेली नाही, आणि अशा मुलांना इथे काम करायची परवानगी नसते. धाकटा इथे जन्मला, तो इथला नागरिक. ती नाही. आपला पासपोर्ट भारताचा आहे हे तिला माहीत होतं. त्याचा अर्थ काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणजे मी.

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "जॉबबिब काही नको. अकरावी आहे."

"व्हॉट? फक्त वीकेंडला आहे!"

"मार्क गेले की कळेल."

"माझ्या ग्रेड्स चांगल्या आहेत! बाबा, सांग ना हिला."

नवरा फ्रीज उघडून आत बघत राहिला.

"नाही म्हटलं ना," मी म्हटलं.

"यू आर सो इंडियन," ती म्हणाली आणि वर गेली. तिने दुकानाला कळवलं, आई नको म्हणतेय. मैत्रिणींनाही तेच सांगितलं. त्या मला भेटल्या की "हाय आंटी" म्हणायच्या, फार जपून, चावणाऱ्या कुत्र्याशी बोलावं तसं.

मला ते चालत होतं. खरं सांगायचं तर मला त्याची सवय होती. आम्ही नवीन आलो तेव्हा मलाही काम करायची परवानगी नव्हती. पुण्यात मी कॉलेजात शिकवत होते. इथे कुणी विचारलं, काय करतेस, की मी म्हणायचे, "मला घरीच आवडतं." पुढे नियम बदलला, रांगेतल्यांच्या बायकांना परवानगी मिळाली. मुलांना नाही. मुलीला मी तेच दिलं जे माझ्याकडे होतं. बंदी आहे म्हणायचं नाही, आपलीच मर्जी आहे म्हणायचं.

यामागे आणखी एक गोष्ट आहे. ती तिसरीत असताना नवऱ्याला पुण्याला परत जायची संधी आली होती. त्याच वर्षी मला परवानगी मिळाली होती, नवीन ऑफिस, गळ्यात बॅज. मी म्हटलं, आता नको. मुलांची शाळा मध्येच कशी सोडवायची? मुलांचं नाव घेतलं, कारण ते नाव घेतलं की पुढे कुणी बोलत नाही.

मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये होता. जेवणाच्या टेबलाशी एका काकूंनी माझा दंड धरला.

"बरं केलंस गं. आमचा ऐकतो कुठे? सोळा पूर्ण झाले नाहीत तर निघाला बर्गर परतायला! तुझ्यासारखं कडक व्हायला पाहिजे."

"व्हावं लागतं," मी म्हटलं. वर हसले.

मुलगी पलीकडेच कागदी प्लेटा लावत होती.

नंतर नवरा आणि धाकटा आत खुर्च्या आवरत असताना आम्ही दोघी गाडीत बसलो होतो. ती खिडकीकडे बघून म्हणाली, "यू एन्जॉयड दॅट."

मग मी सांगितलं. व्हिसा, रांग, परवानगी. माझा आवाज बँकेतल्या बाईसारखा येत होता.

"सो इट्स द लॉ," ती म्हणाली.

"हो."

"तू नाही."

"नाही."

"मी सगळ्यांना सांगितलं की तू क्रेझी आहेस."

"माहितीय."

"आणि कॉलेज?"

"कॉलेजला जाता येईल. पण एकवीस झाल्यावर तुला वेगळा व्हिसा लागेल. तोपर्यंत ग्रीन कार्ड आलं नाही तर."

"आणि तो?"

समोरून धाकटा उरलेल्या मोदकांचा डबा घेऊन येत होता.

"तो इथला आहे."

त्याच्याकडे बघतच तिने विचारलं, "किती दिवस स्ट्रिक्ट राहणार होतीस?"

"ग्रीन कार्ड येईपर्यंत."

ती हसली असं मला वाटलं, पण तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणींना खरं काय ते सांगितलं. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. तेव्हापासून मी कशालाही नाही म्हटलं की ती एकच विचारते, "कायदा की तू?" शिकागोला मैत्रिणींबरोबर रात्री राहायचं नाही. कायदा की तू? मी. उन्हाळ्यात लॅबमध्ये पगारी काम नाही. कायदा. ती मान हलवते आणि पुढच्या कामाला लागते. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येत नाही.

परवा जेवताना तिने वरणाची वाटी पुढे घेतली आणि त्याच आवाजात विचारलं, "मी लहान असताना आपण परत का नाही गेलो? कायदा की तू?"

नवऱ्याने मान वर केली. धाकट्याचं लक्ष नव्हतं. 'तुमच्या शाळेसाठी' हे उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं. इतक्या वर्षांत ते गुळगुळीत झालं आहे.

"मी," म्हटलं.

मला वाटलं, आता ही ताटावरून उठेल. ती उठली नाही. चमचा खाली ठेवला.

"ओके. सांग मग."

मी सांगायला लागले.