मी सांगेपर्यंत दार उघडायचं नाही

भुतंखेतं, करणी, बाधा... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवली. परभणीत माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. वस्तू बिघडली म्हणजे कारण असतंच, असं मानणारा मी माणूस. तरी लिहायलोय. शिव्या घालायच्या तर घाला, मला त्या कमीच पडतील.

घर पिंगळीला, स्टेशनच्या अलीकडं. दोन वर्षांखाली मी हैदराबादहून जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार आणली. तिला लोअरिंग स्प्रिंग बसवायच्या होत्या — म्हणजे मूळच्या काढून आखूड टाकायच्या, की गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसते. लय हौस! वडिलांचे, म्हणजे नानांचे, गुडघे गेलेले. ते एवढंच म्हणाले, "अजून खाली केलीस तर मला चढता-उतरता यायचं न्हाई रं."

"तुमाला कोन फिरवायलंय?" मी म्हणालो. आणि हसलो वर.

मे महिना. अंगणात भिंतीला खेटून गाडी लावली आणि पहाटेपासून लागून चारी स्प्रिंग बदलल्या. शेवटी एक काम उरतं. चाकं टेकलेली आणि आत वजन असताना खालचे रबरी बुशचे बोल्ट आवळायचे, नाहीतर रबर पिळून फाटतं. चाकांखाली फळ्या सरकवल्या. वजनाला ओसरीत सोयाबीनचं पोतं होतं की! पण सीटला धूळ लागली असती... म्हणून मी नानांना बसवलं.

भिंतीकडचं डावं दार अर्धंच उघडायचं. एकेक पाय उचलून मी त्यांना आत घातलं. "मी सांगेपर्यंत दार उघडायचं न्हाई," मी दम दिला, "भिंतीला लागलं तर रंग जाईल." बॅटरी काढलेली, त्यामुळं बटणाच्या काचा बंदच. नानांनी चौतीस वर्षं कचेरीत साहेबाच्या दाराशी स्टुलावर काढलेली. सांगितल्याशिवाय हलायचं नाही, हे अंगात मुरलेलं. "बरं," म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

दुसऱ्याच बोल्टला माझ्या पान्याचा सॉकेट फुटला. "आलोच," म्हणालो आणि मोटरसायकलवर परभणीला गेलो. सॉकेट घेतला. तिथं दोस्त भेटले, त्यांना गाडीचे फोटो दाखवले, चहा झाला, कुणी म्हणालं जेवायला चल... गेलो. अडीच तास! नाना एकदाही आठवले नाहीत. आई पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलेली, घरात दुसरं कुणी नव्हतं.

परत आलो तर नाना तसेच. ताठ. हात गुडघ्यांवर. ओढून बाहेर काढलं, अंग तव्यासारखं तापलेलं. ओठ हलत होते. वाकून ऐकलं —

"दाराला... लागलं न्हाई ना?"

दवाखान्यात उष्माघात म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गेले.

इथवरचं सगळं समजतं. माझ्या हातानं झालं, त्याला खुलासा नको. न समजणारं पुढं आहे.

तेरावा झाल्यावर उरलेले बोल्ट आवळले, फळ्या काढल्या. गाडीची डावी बाजू दोन बोटं खाली! डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल केली — तरी डावीच खाली. चालवायला घेतली की शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावा म्हणून टुणटुण सुरू. वायरिंगचा दोष म्हणून मी ती वायरच उपटली. वाजायचं थांबलं, बाजू काही वर आली नाही.

शेवटी परभणीत एका मेकॅनिककडं नेली. भर दुपारी, चार लोकांत. तो टेप घेऊन गाडीखाली आडवा झाला आणि खालूनच ओरडला, "भाऊ, बाजूवाल्या काकांना उतरवा की! माप कसं घेऊ?"

मी बाहेर उभा होतो. गाडीत कुणी नव्हतं.

"कोन काका?"

"आवो, पाय हलवायलेत की आत."

मग तो बाहेर आला, आत वाकून बघितलं, आणि हात पुसत म्हणाला, "घेऊन जा. आपल्याला न्हाई जमायचं."

गाडी परत भिंतीला लावली. आई तेव्हापासून रोज दुपारी भिंतीवर पाण्याचा तांब्या ठेवायची आणि गाडीशेजारी पाटावर बसून लसूण सोलायची. ओठ हलत असायचे. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

एक दिवस जेवताना माझ्यानं राहवेना. खरकट्या हातानं उठलो, डावं दार धरलं आणि सगळा जोर लावून उघडलं. धाडकन भिंतीवर आदळलं, वीतभर रंग खरवडला. "नाना, उतरा!" मी ओरडलो. "मी सांगायलोय ना, उतरा आता!" रडत होतो मी. करकर आवाज झाला... आणि डावी बाजू हळूहळू वर आली. दोन बोटं. ह्या डोळ्यांनी बघितलं. खोटं कशाला बोलू, जीव हलका झाला माझा.

मागं आई तांब्या घेऊन उभी होती.

"बसून व्हते तवर घरात तरी व्हते," ती म्हणाली. "मी बोलायचे त्यायच्यासंगं. आता कुठं धाडलंस त्यायला?"



गाडी आता एकदम सरळ उभी आहे. आई रोज दुपारी डाव्या काचेतून आत बघते आणि तांब्या भरलेला तसाच घरात घेऊन जाते. हे सगळं कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यात कुणाला ठाऊक असेल तर मला सांगू नका, तिला सांगा. नाना कुठं गेले, एवढंच ती विचारते. दुसरं काही बोलतच नाही माझ्याशी.