परवान्यावरचा गुलाब

जंगलखात्यात किस्से पाल्यासारखे साचतात. पाला निदान उन्हाळ्याच्या तोंडाशी गोळा करून जाळायची पद्धत आहे. किश्श्यांसाठी खात्यानं अजून तशी तरतूद केलेली नाही. त्यामुळे आरमोरीच्या पुढच्या जंगलातल्या आमच्या लाकूडडेपोत चार माणसं बसली, की कोणीतरी काडी लावतोच. इथं सांगतो ते सगळं एकाच झाडाचं आहे, आणि तेही सागाचं नाही. त्यात माझ्या पदरचं थोडं असेल. किती, ते विचारू नका. मलाही आता वेगळं काढता येत नाही.

मी डेपोत नकाशे काढायचो. वामनराव आमचे हेडक्लार्क. माणूस सरळ, पण छापील. फॉर्मवर रकाना कोरा दिसला की त्यांना रात्रीचं जेवण जात नसे. त्यांचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. इंदूवहिनी वर्ध्याच्या. वैशाखात त्या माहेरी निघाल्या, तेव्हा बसपर्यंत पोचवायला मीही गेलो होतो. बसच्या पायरीवर पाय ठेवून त्या म्हणाल्या, "लाखभर झाडांच्या मधात राहते मी, पण वेणीत घालायला एक फूल नाही. दारात गुलाब फुलला की पत्र टाका. येईन."

दुसरा कोणी असता तर रडला असता, नाहीतर बसमागे धावला असता. वामनराव ऑफिसात आले, त्यांनी नवी फाइल काढली आणि वर लिहिलं : "विषय – गुलाब."

*

आता गुलाब आणायचा कुठून? आमचा चौकीदार चैतू मडावी म्हणाला, "हाय ना बाबू. जुन्या बंगल्यापाशी हाय."

आत पाच मैलांवर एक इंग्रज साहेबाचा पडका बंगला होता. छप्पर गेलेलं, भिंतीतून पिंपळ निघालेला. अंगणात मात्र पुरुषभर उंचीचं गुलाबाचं झुडूप, एवढं पसरलेलं की आत म्हैस बसली तर दिसू नये. देशी गुलाबी फुलं, पाकळ्या मोजता येऊ नयेत इतक्या. वास तर आम्हांला नाल्याच्या अलीकडूनच आला होता.

वामनरावांनी वही काढली. "पाणी कोण देतं?"

"कोन देईन? सायेब गेला त्याले वीस वर्सं झाले."

"खत?"

"रोही येते चराले, नीलगाय. ते का देते ते देते."

"छाटणी?"

"तेच रोही."

वामनरावांचा विश्वास बसेना. "मग याला लागतं तरी काय?"

चैतूनं विडी कानामागून काढली, पुन्हा ठेवली. "काईच नाई लागत. तुमी त्याच्याकडं पाहू नका, जगू द्या. बस."

हे वामनरावांनी लिहून घेतलं नाही. वहीत "पाहू नये" असा रकाना नव्हता.

*

काड्या कापून आम्ही परत निघालो आणि नाक्यावर अडकलो, कारण बंगल्याची वाट नाक्यावरूनच डेपोकडे वळते. जंगलातून लाकडाचा तुकडाही बाहेर काढायचा तर रहदारीचा परवाना लागतो. परवाने लिहिणार वामनराव. आणि आदल्याच आठवड्यात त्यांनी नाक्यावरच्या सखारामला दम भरला होता : "उद्या मी आलो तरी परवान्याशिवाय सोडायचं नाही."

सखारामनं आडवा बांबू वर केला नाही. "परवाना, बाबू?"

वामनराव खाली मान घालून नाक्याच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी स्वतःला परवाना लिहिला. जात : गुलाब. लांबी : एक वीत. घेर : करंगळी. नग : सहा. वापर : घरगुती. मुदत, म्हणजे परवाना किती दिवस चालायचा ते : तीन दिवस.

सखारामनं काड्या मोजल्या. सात भरल्या.

"एक जास्त आहे. जप्त करा लागते."

"कर," वामनराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, पण खरं सांगतो, छाती फुगली होती.

"आता ठप्पा." ठप्प्याच्या हातोड्याच्या तोंडावर खात्याची खूण कोरलेली असते, आणि तो ओंडक्यावर मारल्याशिवाय माल हलत नाही. सखारामनं पहिली काडी दगडावर ठेवून हातोडा मारला. काडीची चटणी झाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाकीच्याले मारला समजा," सखाराम म्हणाला.

*

वामनरावांच्या क्वार्टरच्या मागच्या दारी लागवड खात्याच्या शिस्तीत झाली. सागाची रोपं लावतात तशी सहा-सहा फुटांवर, दोरी धरून, एका ओळीत. भोवताली वणव्यापासून रक्षणासाठी जाळरेषा. बाहेर आषाढाचा पाऊस धो धो पडतो आहे, आणि हे गुलाबाभोवती जाळरेषा काढताहेत.

मग सेवा सुरू झाली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. शेणखत, राख, चहाचा चोथा. कोणी सांगितलं म्हणून वाळलेली मासळी पुरली, तर डेपोतली मांजरं तीन दिवस तिथंच वस्तीला. रोज सकाळी वामनराव काडी हळूच उपटून मूळ फुटलं का पाहायचे आणि परत खोचायचे.

श्रावण संपायच्या आत पाचही काड्या वारल्या.

आणि ज्या काडीची ठप्प्यानं चटणी झाली होती, जी त्यांनी कुंपणापलीकडे भिरकावली होती, तिला तिथं कोंब आला. मी दाखवला तेव्हा वामनराव चिखलातच बसून तो निरखू लागले. चैतू म्हणाला, "ठप्पा याच्यावरच बसला होता ना. हाच मंजूर झाला."

*

त्या दिवसापासून चैतूचा हुकूम निघाला : वामनरावांनी त्या बाजूला पाहायचंही नाही. ते ऑफिसला लांबचा वळसा घालून जायला लागले. न्हाणीघराची त्या बाजूची खिडकी त्यांनी स्वतः खिळे ठोकून बंद केली. मला मात्र रोज विचारायचे, "काय म्हणते?"

"पानं सात."

"काल आठ होती."

"एक शेळीनं नेलं."

झुडूप मात्र असं माजलं की विचारू नका. पौषात कुंपणापाशीच्या बोरीखाली अस्वल आलं, तर परत जाताना ते या झुडपात शिरलं. सकाळी काट्यांना एवढे काळे केस, की चैतूच्या बायकोनं त्यांची उशी भरली. उशी मी पाहिलेली नाही. वामनरावांना सांगितलं, तर म्हणाले, "कळ्यांना काही झालं नाही ना?"

कळ्या आल्या होत्या. सतरा.

*

मध्ये एक माझंही सांगून टाकतो. न पाहण्याचा हा गुण आहे तरी काय, म्हणून मीही बंगल्यावरची एक काडी आणून माझ्या अंगणात खोचली आणि तिकडे ढुंकून पाहिलं नाही. महिन्यानं पाहिलं, तर दात कोरायच्या लायकीची झालेली. चैतूला विचारलं, "काऊन रे? मी तर पाहिलंच नाही."

"तुमी पाहत नवते नकाशेबाबू, पर मनात मोजून राह्यले होते. त्याले समजते."

त्याला म्हणजे झाडाला की आणखी कोणाला, ते मी बरेच दिवस विचार करत होतो.

*

सतरा कळ्यांवर वामनरावांनी वर्ध्याला पत्र टाकलं. एकाच ओळीचं : "गुलाब फुलतो आहे, निघावे."

त्याच आठवड्यात वरचे साहेब तपासणीला यायचे होते. डेपो कसा लख्ख हवा. हेडक्लार्कांनी हुकूम काढला, मजूर लावले आणि आम्ही दोघं साहेबांना घ्यायला आरमोरीला गेलो. साहेब आले, चहा प्यायले, तिथूनच परत गेले. संध्याकाळी आम्ही परत आलो, तर कुंपणापलीकडचं रान दाढी केल्यासारखं साफ. झुडपाच्या जागी जमिनीबरोबर कापलेला चार बोटांचा खुंट.

चैतूनं खिशातून हुकूम काढून वामनरावांच्या हातात दिला. खाली सही त्यांचीच. अक्षरही त्यांचंच : "क्वार्टरांमागे एकही झुडूप शिल्लक राहू नये. अपवाद : नाही."

"रकाना कोरा नवता, बाबू," चैतू म्हणाला. "अपवाद लिवला असता तर मजुरायनंच सोडलं असतं. मी तर घरी बी नवतो, तुमच्याच कामानं नाल्यावर गेलतो."

वामनराव खुंटापाशी बसले. म्हणाले, "पत्र परत मागवता येईल?"

पत्र पोचलं होतं. उत्तर आलं : "गुरुवारी येते. फूल नसलं तर त्याच बसनं परत."

*

गुरुवारी सकाळपासून वामनराव मला वहिनी समजून बोलून पाहत होते. "इंदू, गुलाब होता. नकाशेबाबू साक्षीला आहेत." मी म्हटलं, "माझ्या साक्षीवर आमच्या घरी कोणी चहा करत नाही." मग त्यांनी तेही सोडलं. दारात उभे राहिले. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच ते वाट पाहत होते आणि काहीही करत नव्हते.

बस नाक्यापर्यंतच येते. तिथून डेपोपर्यंत बैलगाडी. बस दुपारी परत फिरते. बारा वाजले, एक वाजला. दोनच्या सुमाराला गाडी दिसली.

वहिनी उतरल्या. वामनरावांची नजर जमिनीवर. "इंदू," ते म्हणाले, "गुलाब..."

"वर पहा की."

वेणीत गुलाब होता. गुलाबी, देशी, पाकळ्या मोजता येऊ नयेत असा.

"नाक्याच्या ओट्यामागे कंबरेएवढं झाड आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या सखारामला विचारलं, कोणाचं? तर म्हणाला, वामनबाबूंचा जप्त माल आहे, खोचून ठेवला होता, मग विसरलो. एक फूल मागितलं, तर म्हणाला, परवान्याशिवाय नाई देता येत, बाबूंचा हुकूम आहे. तासभर बसवून ठेवलं मला, मग स्वतःच परवाना लिहून दिला. बस गेली निघून." आणि त्यांनी पदराच्या गाठीतून कागद काढला.

वामनरावांनी वाचला. जात : गुलाब. नग : एक. कुठून : नाका. कुठे : हेडक्लार्कचे घर. वापर : घरगुती. मुदत...

मुदतीचा रकाना कोरा होता.

"ते म्हणे तुम्ही भरणार," वहिनी म्हणाल्या.

वामनरावांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. मग कागद आणि पेन दोन्ही त्यांनी वहिनींपुढे धरलं. "तू भर."

वहिनींनी गाडीच्या चाकावर कागद टेकवून लिहायला सुरुवात केली. एक शब्द होता की दोन, ते बघावं म्हणून मी मान लांब केली, तर मागून चैतूनं माझा सदरा धरला.

"पाहू नका, नकाशेबाबू. जगू द्या."